दुसऱ्याच्या नावावरचा आकडा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून चार आठवडे बेळ्ळंदूर. आमच्या लॅबच्या गिरीराज सरांनी पहिल्यांदाच लिव्हर तपासणीचा एक आख्खा कँप माझ्या एकटीवर सोपवला, म्हणून ही वही. चुका होतील त्या इथे लिहायच्या, पुढच्या वेळी टाळायच्या.

कंपनी सॉफ्टवेअरची आहे. चौथ्या मजल्यावरची एक मीटिंग रूम दिली आहे. एक खाट, पडदा, माझं मशीन आणि टॅब. यादीत सहाशे बारा नावं. काम सोपं आहे. माणसाला पाठीवर झोपवायचं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगायचा, बरगड्यांच्या फटीत मशीनचं बोथट टोक टेकवायचं आणि बटण दाबायचं. टिचकी मारल्यासारखा धक्का बसतो. लिव्हरमध्ये चरबी किती आणि लिव्हर किती ताठ झालंय, असे दोन आकडे येतात. ताठपणाचा आकडा सातच्या आत असला तर काळजी नाही. बारा-तेराच्या वर गेला तर आत वण धरलेत असं समजायचं.

घरून, के. आर. पुरमहून, बसने पावणेदोन तास लागले. उद्यापासून साडेसहाला निघायचं. बाबा म्हणाले, "मी डबा भरून देतो, तू फक्त उचल." आई गेल्यापासून त्यांना स्वयंपाकाचा नाद लागलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

या कानडी शहरात एक मराठी बाई सापडली. पँट्रीत कप धुता धुता फोनवर मुलीशी बोलत होत्या, "संयोगिता, गॅस बंद केलास न्हवं?" मी दारातच थांबले. विचारलं तर म्हणाल्या, "आमी इथलेच. साडेतीनशे वर्सं झाली म्हनतात. महाराष्ट्र बगितलाच न्हाई मी." नाव कौशल्या. वय सेहेचाळीस, दिसतात पन्नाशीच्या पुढच्या. हात-पाय काटक्यांसारखे, तोंड मात्र जरा सुजल्यासारखं. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. त्या मला दुपारपर्यंत मेडम म्हणत होत्या, चार वाजता 'पोरी' म्हणाल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला आठवडा छान गेला. दोनशेच्या आसपास झाले. तिशीतली मुलं, आणि जवळजवळ निम्म्यांच्या लिव्हरमध्ये चरबी. बसून काम, रात्री अकराला मागवलेली बिर्याणी. रिपोर्ट गेला की त्यांना आहारतज्ज्ञाचा फोन जातो, गरज पडली तर डॉक्टरांची वेळ मिळते, सगळं कंपनीच्या विम्यातून. मी प्रत्येकाला आमचा छापील कागद देते: वेळेवर जेवा, साखर कमी करा, रोज पाऊण तास चाला, सात तास झोपा.

एक कागद अक्कांनाही दिला. त्यांना वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवला. त्या पहाटे साडेचारला नुसता चहा पिऊन निघतात, सहाला इथे हजर. दुपारचं जेवण साडेतीनला, कॅफेटेरिया बंद झाल्यावर जे उरेल ते. भात, बटाटा, गुलाबजाम. मधे भूक लागली की चहा-बिस्किट. इथून सुटल्या की पलीकडच्या टॉवरमध्ये रात्री नऊपर्यंत दुसरी ड्युटी.

मी म्हटलं, "अक्का, जेवणाची वेळ सांभाळायला हवी हो. थोडी शिस्त लावून घ्या."

"सरी, बरं," म्हणाल्या आणि कागदाची घडी करून पदराला खोचली.

लोकांना आपल्या तब्येतीचं गांभीर्य नसतं. बाबांचं बरं आहे. कारखान्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी मेडिकल कार्ड चालू आहे आणि दर मार्चला ते हट्टाने सगळ्या तपासण्या करून घेतात. त्यांचं फॅटी लिव्हर त्यातच सापडलं आणि दीड वर्षात उतरलंसुद्धा. माणसाने मनावर घेतलं की होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अक्का चहा ठेवायला आल्या आणि पडद्याजवळ रेंगाळल्या. "दारू न पिनाऱ्याचं लिव्हर कशाला बगायचं?"

मी समजावलं, की दारू न पिताही लिव्हरमध्ये चरबी साचते आणि हळूहळू वण पडतात. त्या हसल्या नाहीत. त्यांचा नवरा नऊ वर्षांपूर्वी लिव्हरनेच गेला. तो प्यायचा. पोटात पाणी भरलं होतं. "आमच्या गल्लीत लिव्हर म्हटलं की एकच अर्थ, पोरी."

बोलताना दंड खाजवत होत्या. साबणाने होत असेल. पायात मुलीच्या मोठ्या चपला घातल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या चढत नाहीत म्हणे. दिवसभर उभं राहून पाय सुजतातच. मी म्हटलं, रात्री पाय उशीवर ठेवून झोपा.

मग विचारलं, "आमच्यासारक्यांचं बगता का?"

यादी कंपनीच्या लोकांची आहे. साफसफाईची, पँट्रीची माणसं ठेकेदाराची. मी तसं सांगितलं. मला वाईट वाटलं, पण नियम आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे केलं ते बरोबर की चूक, कळत नाही.

साडेबाराला क्षितिज नावाचा मुलगा येऊन गेला. पुण्याचा, तेहेतीस वर्षांचा, मराठी ऐकून खूश झाला. चरबी थोडी, ताठपणा पाच पूर्णांक दोन, अगदी ठीक. त्याच्या पुढच्याची मीटिंग लांबली आणि अर्धा तास रिकामा मिळाला. तेवढ्यात अक्का कप न्यायला आल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतंच, म्हणजे तपासणीला लागतो तो उपासही झालेला.

त्या म्हणाल्या, "माजं बगा की. दोन मिन्टं."

टॅबवर नाव यादीत असल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. क्षितिजची नोंद उघडी होती. त्याच्याच नोंदीत दुसरी तपासणी म्हणून घेतली, नंतर पुसायची असं ठरवून.

सतरा पूर्णांक आठ.

मला वाटलं टोक नीट बसलं नाही. जागा बदलून परत घेतलं. अठरा पूर्णांक एक. अठराच्या पुढचा आकडा मी तीन वर्षांत चारदा पाहिला असेन, चौघंही जाडजूड होते.

"काय ते?" अक्कांनी विचारलं.

मी म्हटलं, "आकडा जास्त आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं, या आठवड्यातच."

त्या साडी नीट करत उठल्या. "मी जिंदगीत दारूला हात लावला न्हाई. तुजं मशीन स्वल्प पागल हाय."

मागोमाग पुढचा माणूस आला, मग ओळीने सात जण. पुसायचं राहिलं. संध्याकाळी बसमध्ये आठवलं, पण टॅब ऑफिसच्या कपाटात. उद्या पहिलं काम तेच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टॅब रोज दुपारी आपोआप सगळं वर पाठवतो. काल दीडलाच गेलं. नोंद आता माझ्या हातात नाही. पण पहिली तपासणी बरोबर आहे, रिपोर्ट तपासणारे डॉक्टर तीच धरतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्यांनी दुसरी धरली. शेवटची तपासणी हीच पक्की, असा नियम आहे म्हणे.

क्षितिज सकाळी नऊलाच दारात उभा होता. दाढी वाढलेली. "मॅडम, एक विचारू? सिरॉसिस म्हणजे... परत येता येतं का त्यातून?"

काल दुपारी त्याला रिपोर्ट गेला. तासाभरात विम्याच्या डॉक्टरांचा फोन. शनिवारी सकाळी मोठ्या हॉस्पिटलमध्ये लिव्हरच्या सगळ्यात वरच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. एमआरआय ठरलाय. मॅनेजरने सांगितलं, हवी तेवढी सुट्टी घे. आहारतज्ज्ञाने आठवडाभराचं पथ्य पाठवलं. आई पुण्याहून निघाली आहे.

एका दिवसात एवढं सगळं झालं. खरं तर अक्कांसाठी व्हायला हवं होतं ते, नेमकं तेच.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "घाबरू नका, डॉक्टर बघतील." तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. अक्कांनी मागे येऊन विचारलं, "पोरी, बरं न्हाई का?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी बाबांबरोबर तलावाकडे फिरायला गेले आणि सगळं सांगितलं. 

एक फेरी पुरी झाल्यावर ते म्हणाले, "मशीनमध्ये बिघाड होता असं कळव. परत तपासणी घे. त्याची नॉर्मल येईल. फाइल बंद."

"पण ते खोटं आहे."

"प्रांजली, तू कंत्राटावर आहेस. काढायला त्यांना एक ई-मेल पुरते. कुणाचं नुकसान होतंय यात? मुलाची भीती जाईल, तुझी नोकरी राहील."

बाबांनी आयुष्यात ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही. तेच असं म्हणताहेत म्हणजे चालत असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. काल गिरीराज सरांना फोन करून मशीनच्या टोकाबद्दल शंका आहे असं सांगितलं. ते उलट खूश झाले. "बरं झालं तुझ्या लक्षात आलं." आज दुसरं टोक आलं, क्षितिजला बोलावलं. पाच पूर्णांक चार.

तो खाटेवर उठून बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी. चार दिवस एका माणसाला मी मरणाच्या दारात उभं केलं होतं, आणि आता तो माझेच आभार मानत होता.

मजल्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुपारी अक्का वाटीत दोन गुलाबजाम घेऊन आल्या. चेहरा उजळलेला. "त्या सायबाचं मशीनने चुकीचं दाखवलं म्हनं. मग माजं बी चुकीचंच. आठ दिवस झोप न्हवती बग मला. कुनाला सांगितलं न्हाई, संयोगिताला पन न्हाई. खा, तोंड गोड कर."

मी खाल्ला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी विचारलं, "कुणाचं नुकसान झालं का?" मशीन बिघडलं होतं म्हटलं तर दोघांचंही बिघडलं होतं. मशीन चांगलं होतं म्हटलं तर मी खोटारडी. यात तिसरी वाट नाही, दिवसभर शोधली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अक्कांना सांगितलं. पँट्रीत, सकाळी साडेदहाला, कॉफीची गर्दी ओसरल्यावर. सुरुवातीपासून सगळं. मशीन ठीक होतं, तुमचा आकडा त्यांच्या नावावर गेला, तुमचा आकडा खरा आहे.

त्या भांडी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच मशीन. सायबाचं चुकलं, आनि माजं बरोबर? बिमारी शोधत शोधत गरिबाकडंच येते व्हय?"

"अक्का, तसं नाही."

"तू मला बरं वाटावं म्हनून एक बोललीस, आता भ्यावं म्हनून दुसरं बोलतीस. कंचं धरू?"

त्यांनी फडकं वाळत टाकलं.

"त्या सायबासमोर बोलशील? बोललीस तर खरं मानीन. दवाखान्यात पन येईन."

मी म्हटलं, उद्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

क्षितिज अकराला कॉफीला आला. अक्का कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. मी बोलले. काही गाळलं नाही. मशीन बिघडल्याची थाप मारली हेसुद्धा सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. मग हळू आवाजात, "माझ्या आईने गाडीत बसल्या बसल्या देवाला काय काय नवस बोललेत तुम्हाला माहीत आहे? मी शनिवारी हॉस्पिटलमध्ये माझ्या भावाला बँकेचे पासवर्ड लिहून देणार होतो."

"मी चुकले."

"हो. चुकलात." मग म्हणाला, "म्हणजे तो आकडा कुणाचा तरी खरा आहे."

अक्का वळल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. तीन वर्षं रोज त्यांच्या हातची बिनसाखरेची कॉफी पितोय, आज विचारलं, "तुमचं नाव काय?"

जाताना म्हणाला की विम्याच्या कागदांवर त्याच्या नावाने एवढा मोठा आजार लागला आहे, तो काढायला त्याला लेखी कळवावं लागेल. मी म्हटलं, त्याआधी मीच सरांना लिहिते.

आणि दुपारी लिहिलं. पाठवायचं बटण दाबायला वीस मिनिटं लागली.

अक्का एवढंच म्हणाल्या, "आता खरं."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कँप संपला, माझ्याशिवाय. बुधवारी शिवरात्रीची सुट्टी होती, गुरुवारी दुसरी टेक्निशियन आली. मला घरी बसायला सांगितलंय. बाबा रोज माझ्यासाठी काहीतरी शिजवतात.

४ मार्च, मंगळवार

गिरीराज सरांनी बोलावलं होतं. मला वाटलं काढणार. काढलं नाही. तीन महिने कँपवर पाठवणार नाहीत, ऑफिसात रिपोर्ट तपासायचे, आणि पगारवाढ नाही.

सर म्हणाले, "तुझं नशीब. त्या बाईने ठेकेदाराला लिहून दिलंय. तू खोलीत नसताना तीच खाटेवर जाऊन झोपली, हट्टाने मशीन लावून घेतलं, तू नको म्हणत होतीस. अंगठा आहे खाली. मग तुझा दोष कमीच ना."

मी म्हटलं, असं झालंच नाही. मी लिहिलंय तेच खरं आहे. सरांनी फाइल मिटली. "वरच्यांनी तिचं धरलंय. आता तू परत काही लिहू नकोस."

अक्कांना पँट्रीवरून काढलं. ठेकेदार त्यांना दुसरीकडे पाठवणार आहे.

कळत नाही, अक्कांनी असं का लिहून दिलं. मी त्यांच्यासाठी एवढं केलं आणि त्यांनी घडलं ते उलटं सांगितलं. ठेकेदाराने धमकावलं असणार. वाचता येत नाही, त्याने जे लिहिलं त्यावर अंगठा दिला असेल. दुसरं काय असणार?

क्षितिजची ई-मेल सरांनी दाखवली. माझ्याविरुद्ध त्यात काही नव्हतं. नोंद दुरुस्त करा, आणि आमच्या मजल्यावर रोज काम करणारी माणसं यादीत का नव्हती, ते कळवा. कंपनीचं उत्तर खाली होतं: ती आमची कर्मचारी नाहीत.

९ मार्च, रविवार

अक्का घरी आल्या, संयोगिताला घेऊन. मुलगी एकोणीस वर्षांची, कापडाच्या दुकानात आहे. आईला कधी रागवावं हे तिला अजून समजत नाही, सारखी रागावत होती. "पाय सुजले, तरी कुनाला बोलली न्हाई."

मी अक्कांना विचारलंच, "असं का लिहून दिलंत?"

त्या बाबांकडे बघून म्हणाल्या, "अण्णा, चा फार बरा झालाय." आणि विषय तिथेच राहिला. त्यांनाही ठेकेदाराचं नाव काढायची भीती वाटत असावी.

दवाखान्याचा प्रश्न निघाला. त्यांच्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचे पैसे कापतात, म्हणजे विमा रुग्णालयात हक्काने उपचार मिळायला हवेत. पण अकरा वर्षांत चार ठेकेदार झाले आणि दर वेळी नवा नंबर पडला. एका कार्डावर कौशल्या, दुसऱ्यावर कौसल्याबाई, तिसऱ्यावर जन्मसाल चुकलेलं. गेल्या वर्षी संयोगिता घेऊन गेली होती, खिडकीवरून परत पाठवलं. दोन दिवसांची हजेरी बुडाली आणि त्या महिन्याची सुट्टीही कापली. म्हणजे त्यांनी जायचा प्रयत्न केला होता. मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

बाबांनी चष्मा लावला. "सगळी कार्डं इथे टेबलावर ठेवा."

पस्तीस वर्षं कारखान्यात अर्ज लिहिलेला माणूस. चारही कार्डं, रेशनकार्ड, आधार ओळीने लावून त्यांनी अर्जाचा मसुदा केला. अक्का बाजूला बसून बघत होत्या. बाबा म्हणाले, "मला तर हे सगळं कारखान्याने आपोआप दिलं. मला वाटायचं मी फार शिस्तीचा." मग त्यांनी कागद सरळ करून ठेवले.

१९ मार्च, बुधवार

बाबा तीनदा त्या खिडकीवर जाऊन आले. आज अक्कांच्या सगळ्या कार्डांचा मिळून एकच नंबर झाला. घरी आल्यावर त्यांनी स्वतःसाठी दोन कप चहा केला.

२४ मार्च, सोमवार

आज रुग्णालय. मी अर्धी रजा घेतली. सातला रांगेत उभं राहिलो, नंबर साडेअकराला आला. अक्कांच्या हजेरीचा आजचा दिवस गेलाच.

डॉक्टर तरुण होत्या, कन्नडात बोलत होत्या. पहिला प्रश्न, "दारू घेता का?" अक्का म्हणाल्या, इल्ला, म्हणजे नाही. पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, परत विचारलं. इल्ला. शुक्रवारी दिलेल्या रक्ताचा कागद पाहून तिसऱ्यांदा, "ताडी, काही? कधीच नाही?"

अक्कांनी मान खाली घातली. मी मधे बोलणार होते, त्यांनी माझा हात दाबला.

निदान झालं. चरबीतून सुरू होऊन लिव्हर जागोजाग घट्ट झालंय. साखरही आहे, कित्येक वर्षांची असावी, कुणी तपासलीच नव्हती. पायाची सूज लिव्हरमुळेच, अंगाची खाजही. हे मी पाहत होते ना, फेब्रुवारीत. पाय उशीवर ठेवा म्हटलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या की झालेले वण पूर्ण जाणार नाहीत. पण इथून पुढे थांबवता येईल, बरीच वर्षं चांगली काढता येतील. गोळ्या दिल्या. मग म्हणाल्या, "वेळेवर जेवा. डाळ, अंडी, भाजी. साखर बंद. रोज चाला. झोप पुरी घ्या."

माझाच कागद. मी तो पाठ म्हणून दाखवला असता. पहिल्यांदाच मला तो दुसऱ्या बाजूने ऐकू आला, आणि मान वर करवेना.

अक्का उठल्या नाहीत. कन्नडात म्हणाल्या, "एक लिहून द्या. हे दारूने न्हाई झालं, एवढं."

"कशाला?"

"मुलीचं लगीन व्हायचंय. माजा नवरा दारूने गेला. आता मी बी लिव्हरची. लोक काय बोलतील ते मला म्हाईत हाय."

बाहेर दोनशे माणसं होती. डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं, शिक्का मारला, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं: हा आजार मद्यपानामुळे झालेला नाही. शेवटी म्हणाल्या, "मी तीनदा विचारलं. चुकलं माझं."

संयोगिता बाहेर थांबली होती. अक्कांनी तिच्या हातात कागद दिला. तिने वाचला आणि या वेळी आईला रागावली नाही. बसस्टॉपपर्यंत तिचा हात धरून चालली.

६ एप्रिल, रविवार

संयोगिताचा फोन. अक्कांनी संध्याकाळची ड्युटी सोडली. घरात त्यावरून भांडण झालं, कारण तेवढा घरखर्चात हात आखडता घ्यावा लागणार. मग संयोगिताने दुकानात रविवारचं काम घेतलं. म्हणजे एकीची झोप वाढली ती दुसरीच्या सुट्टीतून. ती म्हणाली, "ताई, तुमी कशाला गप्प? माजी आई हाय."

१ मे, गुरुवार

आज सुट्टी. मल्लेश्वरमला गेले. अक्कांना ठेकेदाराने तिथल्या एका खासगी संस्थेत लावलंय. घरून दोन बस बदलून जावं लागतं. संस्था सुट्टीच्या दिवशीही साफसफाई करून घेते.

संस्थेच्या मागच्या अंगणात पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. अक्का बदामाच्या झाडाखाली पायरीवर बसल्या होत्या. पायाची सूज बरीच उतरलीय, चेहरा मात्र अजून ओढलेला. पहिले काही दिवस इथेही जेवायला तीन वाजायचे, म्हणाल्या. मग त्यांनी केस पेपर सुपरवायझरला नेऊन दाखवला. तो म्हणाला, इथे असं चालत नाही. दुसऱ्या दिवशी त्या साडेबाराला झाडू भिंतीला टेकवून पायरीवर बसल्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाकीच्या दोघी बायका त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. त्याही आज होत्या, आपापले डबे घेऊन.

मला त्यांना सांगायचं होतं, की क्षितिजच्या कंपनीने पुढच्या वर्षीच्या यादीत पँट्रीची माणसं घेऊ असं म्हटलंय. नुसतं म्हटलंय, लिहून दिलेलं नाही. आणि परत एकदा विचारायचं होतं त्या अंगठ्याबद्दल. मी सुरुवात केली, "अक्का, त्या दिवशी ठेकेदाराने तुम्हाला..."

"त्याने काय न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "तू जेवलीस का? बस."

डब्यात नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, मुद्दे, डाळ, उकडलेलं अंडं. अंडं त्यांना आवडत नाही, औषधासारखं खातात. दोन घास झाले असतील, तोवर फोन वाजला. सुपरवायझर. वरच्या मजल्यावर कुणी पाहुणे आलेत, ताबडतोब या. आवाज मलाही ऐकू येत होता. शेजारच्या एकीने झाकण लावायला घेतलं.

अक्कांनी घास चावून गिळला. घाई केली नाही.

"ऊट माडतिद्दीनि," त्या फोनमध्ये म्हणाल्या. जेवतेय. "अर्ध गंटे." अर्धा तास.

फोन पालथा ठेवला आणि डाळीची वाटी पुढे ओढली. शेजारणीने झाकण पुन्हा काढलं.